सालीतलं चालतं

जालना
८ जुलै २०२४

प्रिय बेबी,

सप्रेम नमस्कार. चिठ्ठी पाहून हसू नको. फोन आमच्या कंपनीच्या गेटावर जमा होतो आणि घरी आले की आदिनाथच्या हातात जातो. मंग बोलायचं कधी? आपली दोघींची पोरं एका वर्गात, शिवाजीमामाच्या एकाच ऑटोत. टपाल त्यांच्या दप्तरातून गेलं तर काय बिघडलं? होस्टेलवर असताना दाराखालून चिठ्ठ्या सरकवत होतोच की आपण.

काम असं आहे. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की ऑटो, पोरं घरी पोचतात तेव्हा दिवेलागण झालेली असते. दुपारचा डबा तोवर कधीच जिरलेला. मी दिवसभर लॅबमध्ये बियाण्याची उगवणशक्ती तपासत बसते, आणि माझं लेकरू टपरीवरचं नारंगी पाकीट फोडून खातं. परवा त्याच्या बोटांचा रंग शर्टाला लागला, घासून घासून दमले, न्हाई निघाला. म्हणलं, शर्टाला एवढा चिकटतो तो पोटात गेल्यावर काय करत असंल?

तर माझा विचार असा. सोमवार, बुधवार, शुक्रवार तू कर. बाकीचे तीन दिवस मी. एकीनं दोघांपुरतं करायचं. पोरांना ऑटोत बसल्या बसल्या खाता आलं पाहिजे, हात बरबटायला नको, आणि पहाटे केलेलं संध्याकाळपर्यंत टिकलं पाहिजे. तुझ्या हाताला चव आहे, माझ्या हाताला घाई. पण तू सांगशील तसं करीन.

अक्षताला गोड पापा.

तुझी,
दैवा


जालना
१० जुलै २०२४

प्रिय दैवा,

सप्रेम जयभीम. तुझी चिठ्ठी अक्षतानं अशी आणून दिली जशी काय कलेक्टर साहेबांची नोटीस. मला विचार पसंत आहे. आमच्याकडंही तेच चाललंय. मी सकाळी सातची एसटी धरून शाळेच्या गावाला जाते, देवानंद आठवडाभर परभणीला ड्यूटीवर. पोरगी दुपारनंतर बिस्किटांवर जगून राह्यली.

मी कालच बसमध्ये बसून डोक्यात मांडणी केली. धपाटे आपल्या भागात प्रवासाला बांधून न्यायचेच, ते शिळे होत न्हाईत. ज्वारीच्या पिठात मेथी न्हाईतर पालक घालायचा, लहान लहान थापायचे, मधी शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळायचे. हातात धरून खाता येतात. दशम्या पण तशाच. एखाद्या दिवशी ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, तेल नावाला. भिजवून उकडलेले हरभरे, वरून लिंबू, पण ते थंडीतच, उन्हात आंबतात. मुगाचं धिरडं पोरांना आवडतं, आत गाजर किसून लपवायचं. गोडाचं म्हणलं तर शेंगदाणा, तीळ आणि गूळ कुटून लाडू; एक लाडू खाल्ला की घरापर्यंत पोर गप.

एक गोष्ट लक्षात ठेव. गरम असताना डबा बंद करू नको, घाम येऊन सगळं चिंब होतं. मी आधी ताटात पसरून ठेवते आणि तेवढ्यात वेणी घालून घेते.

सोमवारी माझ्यापासून सुरू.

तुझी,
बेबी


जालना
२० ऑगस्ट २०२४

प्रिय बेबी,

तू जादू केलीस. आदिनाथनं पालक खाल्ला! त्याला माहीत न्हाई की तो पालक आहे, पण पोटाला माहीत आहे ना. परवा माझ्या धिरड्याला म्हणतो, "मम्मी, अक्षताच्या आईसारखं करत जा, हे रबरासारखं लागतं." त्याचे पप्पा एवढे हसले की चहा सांडला. टपरीचं नाव काढत न्हाई आता. शिकवणीच्या बाईंनी विचारलं म्हणे, तुम्ही दोघं रोज काय खाता, वास फार चांगला येतो.

पुढच्या आठवड्यात आमच्या आत्याबाई येणार आहेत गावाकडून. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो, तुला माहीत आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं आहे, एका डोळ्याचं आता, दुसऱ्याचं नंतर. मंठ्याहून दर वेळी ये-जा करण्यापेक्षा संक्रांतीपर्यंत इथंच राहा म्हणलं. मला तेवढंच बरं, घरात कुणीतरी मोठं माणूस.

शुक्रवारी तीळ जरा जास्त घाल लाडवात. मला पण एक लागतो, खरं सांगते.

तुझी,
दैवा


जालना
९ सप्टेंबर २०२४

प्रिय बेबी,

घाईत लिहून राह्यले. आदिनाथला खोकला झालाय, तेलाचं आणि कुटलेलं काही नको असं वाटतं. तुझ्या दिवशी तू फळ देत जा. केळी चांगली. पेरू पण चालतो. तुलाही पहाटेचा ताप कमी.

आत्याबाईंचं ऑपरेशन बराबर झालं.

दैवा


जालना
११ सप्टेंबर २०२४

प्रिय दैवा,

वाचून जिवाला लागलं. माझ्या लाडवानं तर खोकला झाला नसंल? शुक्रवारी तीळ जास्त घातल्ते, आणि शेंगदाणे नव्या दुकानातून आणल्ते. डॉक्टरला दाखवलंस का? काय म्हणाले? मी घाण्याचं तेल आणायला लागते, थोडं महाग पडतं पण पडू दे.

आज मोसंबी पाठवली, बदनापूरकडच्या बागेतली. पोरांना ऑटोत सोलता येणार न्हाई म्हणून मी सोलून, बिया काढून, वर चिमूटभर मीठ टाकून दिल्ती. अक्षता म्हणाली, आदिनाथनं डबा उघडलाच न्हाई. खोकल्याला मोसंबी नको म्हणून का? मला आधी सुचायला पाहिजे होतं. आत्याबाईंना माझा जयभीम सांग, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका म्हणावं.

तुझी,
बेबी


जालना
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय बेबी,

तू उगं मनाला लावून घेऊ नको. खोकला गेला. पण मी म्हणते, फळ द्यायचं तर अख्खं देत जा, चिरलेलं काळं पडतं. आदिनाथ सोलायला शिकंल. शेंगा दिल्या तरी चालतील, टरफलासकट. न्हाईतर दुकानातली चिक्की मिळते, राजगिऱ्याची, बंद पाकिटातली, त्यावर तारीख असते. ती पण पौष्टिकच की.

आणि तुला फार होत असंल तर आठवड्यातून एकच दिवस ठेव. मी बघते बाकीचं.

दैवा


जालना
२५ सप्टेंबर २०२४

प्रिय दैवा,

बंद पाकिटापासून सुटका म्हणून तर आपण हे सुरू केल्तं ना? तुझी चिठ्ठी मी दोनदा वाचली. मला वाटतं माझ्या हातून काही चूक झाली आहे आणि तू स्पष्ट बोलून न्हाई राह्यलीस. केस निघाला का डब्यात? मीठ जास्त पडलं? मी वर्गातल्या पोरांना सांगते, चुकलं तर लपवू नका. मंग तू मला का लपवतेस?

तोवर टरफलासकट शेंगा पाठवते. शिवाजीमामा ओरडला तर तुझ्या नावावर.

तुझी,
बेबी


जालना
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय बेबी,

कशाचं काय, तुझी काहीच चूक न्हाई. कंपनीत सीझनची गडबड आहे, आत्याबाईंचे थेंब दिवसातून चारदा, मला चिठ्ठी लिहायलाच झालं न्हाई. शेंगा चांगल्या होत्या.

दिवाळीत आम्ही मंठ्याला जाणार, तर यंदा तू चिवडा-शेव काही पाठवू नको. दर वर्षी पाठवतेस, पण यंदा खाणारं कोणी घरी नसंल. मी पण काही पाठवत न्हाई. सुट्टीनंतर बघू.

दैवा


जालना
२२ नोव्हेंबर २०२४

दैवा,

मी हे शाळेतून घरी आल्या आल्या लिहून राह्यले, अजून चप्पल पण पायातच आहे.

काल अक्षताच्या डब्यात मेथीचे धपाटे होते. माझा दिवस नव्हता, तरी दोन जास्तीचे ठेवले, पोरांना सवय आहे म्हणून. ऑटोत तिनं आदिनाथला एक धरला. तो म्हणाला, "तुमचं शिजवलेलं मला चालत न्हाई. सालीतलं चालतं." ही म्हणाली, "का?" तो म्हणाला, "आज्जी म्हणती."

रागानं न्हाई म्हणाला तो. त्याला काय कळतं. त्यानं तिला मंग शेंगा मागितल्या म्हणे.

रात्री अक्षता मला विचारते, "आई, आपलं शिजवलेलं कसं असतं?"

मला तुझ्या चिठ्ठ्या आठवल्या. केळी. पेरू. अख्खी मोसंबी. टरफलासकट शेंगा. बंद पाकीट. माझा हात कुठंच लागायला नको, एवढीच त्यात काळजी होती, आणि मी तिला पोराच्या तब्येतीची काळजी समजले. घाण्याचं तेल आणलं, दैवा. शेंगदाण्यांचं दुकान बदललं. शेजारच्या बाईंना विचारलं की खोकल्यात तीळ चालतात का.

मला फक्त एक सांग. हे आत्याबाई म्हणाल्या, ठीक आहे, त्या म्हाताऱ्या आहेत, त्यांच्या गावाची रीत मला नवी न्हाई. पण तू तेव्हा काय म्हणालीस?

बेबी


जालना
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय बेबी,

आठ दिवस पेन उचललं आणि ठेवलं. तू मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऐक. आत्याबाई आल्या त्या आठवड्यात त्यांनी आदिनाथची पिशवी उघडली. एका डोळ्याला पट्टी, पण दुसऱ्यानं सगळं दिसतं. "हे कोन्या घरचं?" म्हणाल्या. आदिनाथनं सांगितलं, अक्षताच्या. "अक्षता कोनाची?" त्यानं तुझं आडनाव सांगितलं. त्यांनी डबा उचलला आणि मागच्या दारी कुत्र्याला टाकला. मी भाजी चिरून राह्यल्ते. मी त्यांना म्हणलं, "आत्याबाई, अन्न आहे ते." त्या म्हणाल्या, "मंग कुत्र्याचं अन्न न्हाई का?" आदिनाथचे पप्पा म्हणाले, चार महिन्यांची पाहुणी आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, घरात तमाशा नको. मंग मी गप बसले.

त्याच दिवसापासून रोज संध्याकाळी पिशवी तपासतात. फळं, शेंगा, पाकीट असलं तर काही म्हणत न्हाईत. म्हणून मी तुला तसं लिहिलं. मला वाटलं तुला कळणार न्हाई आणि पोरांचं पण चालू राहील. तुझ्या डब्यातलं मी वाया जाऊ दिलं न्हाई. शुक्रवारचे लाडू मी सकाळीच ऑटोपाशी आदिनाथच्या डब्यातून काढून कंपनीत नेत होते. सगळ्यांना फार आवडले. बायांनी विचारलं कोणी केले, तर मी म्हणलं मी केले. काय सांगणार होते?

माझ्या मनात तसलं काही न्हाई, तुला माहीत आहे. होस्टेलात आपण एका ताटात जेवलो.

आता एक कर. आत्याबाई संक्रांतीनंतर जातील. तोवर तू पहिल्यासारखाच डबा दे, शिवाजीमामाला सांगून मी तो माझ्या स्टीलच्या डब्यात ओतून घेईन, घरी म्हणीन मी केलाय. अक्षताला तेवढं समजावून सांग, ऑटोत कोणाच्या घरचं ते बोलायचं न्हाई. ती शहाणी आहे, ऐकंल तुझं. दीड महिन्यासाठी मैत्री तोडू नको.

तुझी,
दैवा


जालना
२ डिसेंबर २०२४

दैवशाला,

माझ्या पोरीला मी काय समजावून सांगू? की तुझ्या आईच्या हातचं खायला चांगलं आहे, फक्त तुझ्या आईचं नाव घेऊ नको?

माझ्या आजोबांनी छप्पनच्या साली देव्हारा उचलून नदीत सोडला. आजी सांगायची, त्या दिवशी गावात कोणी दळण दळून दिलं न्हाई. तिनं जात्यावर दळलं, पण दुसऱ्या कोणाच्या नावानं दळलं न्हाई. आणि मी दोन पगारांच्या घरात राहून, गॅसवर केलेले लाडू तुझ्या नावानं खपवू? तुझ्या कंपनीतल्या बायांना चांगले लागले याचा मला आनंद व्हायला पाहिजे का?

तू गप बसलीस, ते मी समजू शकते. घर असतं, सासू असते. पण तू गप नव्हतीस. तू मला चिठ्ठ्या लिहीत होतीस, विचार करून, एकेक फळ निवडून.

अक्षताचं सांगते, कारण तुला ते माहीत असायला पाहिजे. आठ दिवस तिचा डबा भरलेला परत येतो. मी विचारलं तर म्हणते भूक न्हाई. काल दुकानासमोर थांबली आणि म्हणाली, "आई, मला पाकीट घेऊन दे, नारंगी. पाकीट सगळे खातात." मी घेऊन दिलं. दारातच फोडून तिनं खाल्लं आणि माझ्याकडं बघितलं न्हाई.

तुझे-माझे दिवस बंद. पोरं ऑटोत एकत्र बसतात, त्यांना बसू दे. आपण दोघींनी आता त्यांच्या डब्यात हात घालायला नको.

बेबीनंदा


जालना
१७ जानेवारी २०२५

प्रिय बेबी,

तिळगूळ घ्या, गोड बोला. आत्याबाई काल मंठ्याला गेल्या. दुसरा डोळा उन्हाळ्यानंतर करायचं ठरलं, आणि तेव्हा त्या माझ्या नणंदेकडं राहतील, मीच तसं ठरवून घेतलं. एवढं तरी मी केलं.

घर मोकळं वाटून राह्यलंय. आदिनाथ सारखा विचारतो, अक्षताच्या आईचे धपाटे कधी? मी म्हणलं, लवकरच. बेबी, झालं गेलं. माझी चूक मी मान्य करते, पायावर डोकं ठेवायला सांग, ठेवते. पण सोमवारपासून सुरू करू ना? मी पण आता नीट शिकले आहे, सातूचं पीठ गुळात कालवून वड्या केल्या, सोबत पाठवल्यात, छान टिकतात. पोरांची सवय मोडली तर पुन्हा टपरीवर जातील.

तुझी,
दैवा


जालना
२० जानेवारी २०२५

दैवा,

तुझ्या वड्या अक्षतानं खाल्ल्या. मी अडवलं न्हाई. ती म्हणाली, चांगल्या आहेत, थोड्या कडक आहेत.

देवानंद म्हणाले, इतक्या वर्षांची मैत्रीण आहे, एकदा मोठं मन करून बघ. मी अजून तेवढी मोठी झाले न्हाई, पण बघते. सोमवारचं लगेच नको. पुढच्या शनिवारी, एक तारखेला, शाळेत आनंदनगरी आहे, पोरांचा खाऊचा बाजार. बाईंनी सांगितलंय, तळलेलं आणि पाकिटातलं चालणार न्हाई, घरचं पौष्टिक आणायचं. अक्षतानं स्वतःहून नाव दिलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच तिनं काही मागून घेतलं आहे. धपाटे आणि उकडलेले हरभरे करायचं ठरलंय, तिनं पाटी पण रंगवली. तू आदिनाथला घेऊन ये. तिथं भेटू, मंग पुढचं ठरवू.

बेबी


जालना
३ फेब्रुवारी २०२५

दैवशाला,

तू आलीस. हिरवी साडी होती, बरोबर तुझी जाऊ आणि तुमच्या कॉलनीतली एक बाई. मी अक्षताच्या टेबलामागं खुर्चीवर होते. तू मला बघून हात हलवलास, मला बरं वाटलं. मी उभी राह्यले.

आदिनाथ पळतच आला. अक्षतानं द्रोणात धपाटा ठेवला, वर दही, आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं हात पुढं केला. आणि तू त्याचं मनगट धरलंस. फार हळू धरलंस, कोणाला दिसलं नसतं. म्हणालीस, "आत्ताच जेवून आलास ना, बाळा." जावेकडं एकदा बघितलंस. मंग शेजारच्या टेबलावर गेलीस आणि त्याला पेरू घेऊन दिलास.

आत्याबाई मंठ्यात होत्या, दैवशाला.

तुझ्याबरोबरची ती कॉलनीतली बाई मात्र थांबली. तिनं दोन धपाटे उभ्यानं खाल्ले, चटणी पुन्हा मागून घेतली, आणि पिठात काय घातलं ते विचारून गेली. तिला माहीत नव्हतं आम्ही कोण. तुला माहीत होतं, एवढाच तुम्हा दोघींत फरक.

अक्षताचा सगळा माल संपला. बाईंनी कौतुक केलं, फोटो काढला. ती फोटोत हसली. मी घाबरून होते की घरी गेल्यावर ती विचारंल आणि मला काही बनवून सांगावं लागंल, तुझी जाऊ होती, गर्दी होती, त्याचं पोट भरलं होतं, असं काहीतरी. बसस्टँडच्या पुढं आल्यावर ती माझ्या पाठीला टेकून म्हणाली, "आई, आदिनाथला पाहिजे होतं. त्याच्या मम्मीनं घेऊ दिलं न्हाई."

मी गाडी चालवत राह्यले.

मंग म्हणाली, "त्या दिवशी आज्जी म्हणती असं तो म्हणाला ना, ते त्याला खरं वाटत असंल. मम्मीचं त्याला सांगू नको."

दहा वर्षांची न्हाई अजून ती. तुझ्या लेकराची लाज ती झाकून राह्यली. मला तिच्यासाठी भांडता आलं असतं, रडता आलं असतं, पण समजावून सांगायला तू काही शिल्लकच ठेवलं न्हाईस.

उद्यापासून अक्षता दुसऱ्या ऑटोनं जाईल. शिवाजीमामाला मी सांगितलंय, कारण सांगितलं न्हाई. आदिनाथनं विचारलं तर तू काय सांगायचं ते तू बघ.

उत्तर लिहू नको.

बेबीनंदा